आय५ की आय७? जादा पैसे मोजण्याआधी

२०२३च्या जूनमध्ये ताईच्या मुलीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचा होता, म्हणून आम्ही तिघं नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर गेलो. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले. कंपनी एकच, पडदा एकच, दोन्हींत ८ जीबी रॅम, दोन्हींत ५१२ जीबीची एसएसडी. एकावर इंटेलच्या आय५ प्रोसेसरचं स्टिकर, दुसऱ्यावर आय७चं, आणि किमतीत १४ हजारांचा फरक. दुकानदार भला माणूस होता. त्याने मनापासून सांगितलं, "ताई, पोरीला चार वर्षं वापरायचाय ना? मग आय७च घ्या, मागे बघायला नको." ताई माझ्याकडे वळली. "तू सांग बाबा. द्यायचे का चौदा हजार?"

तेव्हा दुकानात उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण त्यानंतर हाच प्रश्न इतक्या जणांनी विचारला की तो नीट उलगडून लिहावासा वाटला. १४ हजार म्हणजे अनेक घरांत महिन्याचा किराणा, वीजबिल आणि वर गॅस. ही रक्कम निव्वळ स्टिकरवरच्या आकड्यापायी जाऊ नये, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याने ती द्यायला कचरूही नये, असं मला फार वाटतं.

आधी प्रोसेसर करतो काय ते बघू. आपल्याकडे दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बाजूला द्राक्षाच्या हंगामात पॅकहाऊसमधलं काम तुम्ही पाहिलं असेल. बागेतून कॅरेट येतात. लांब टेबलाशी बसलेल्या बायका घड उचलतात, कात्रीने खराब मणी काढतात, वजन करतात, डब्यात भरतात. प्रोसेसर म्हणजे टेबलाशी बसलेली ही माणसं. एक कोर म्हणजे एक माणूस. गिगाहर्ट्झचा आकडा म्हणजे हात किती भराभर चालतात ते, ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. रॅम म्हणजे समोरचं टेबल, ज्यावर हाताशी लागणारा माल पसरता येतो. आणि एसएसडी किंवा हार्डडिस्क म्हणजे मागची खोली, जिथे सगळा माल रचून ठेवलेला असतो.

आता टेबल लहान असेल तर काय होतं? चार घड मावतात, पाचवा हवा असला की उठायचं, मागच्या खोलीत जायचं, एक घड ठेवून दुसरा आणायचा. अशा ठिकाणी कितीही चपळ हाताची बाई बसवा, दिवसभरात भरलेल्या डब्यांची संख्या फारशी वाढणार नाही. लॅपटॉप 'स्लो' झाला अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. हात रिकामे असतात, माल पोचत नसतो.

त्या दिवशी दुकानात समोर होते ते प्रोसेसर इंटेलच्या बाराव्या पिढीतले: आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू. ही दोन नावं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. दोन्हींत १० कोर. त्यातले २ ताकदीचे, जड कामाचे. ८ काटकसरीचे, हलक्या कामाचे. एका वेळी दोन्ही १२ धागे, म्हणजे बरोबरीने चालणारी १२ कामं, सांभाळतात. दोन्हींची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, झटपट मेमरी, १२ एमबी. दोन्ही मूळ १५ वॅटचे. मग फरक कुठे? आय५चा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, आय७चा ४.७. शिवाय आय७मधला चित्रं दाखवणारा भाग थोडा मोठा, आय५मध्ये ८० एकक तर आय७मध्ये ९६. झालं. वेगातला फरक टक्केवारीत काढला तर ७ टक्क्यांच्याही आत आहे, आणि तोही सगळं मनासारखं असेल तेव्हाचा.

याचं कारण कारखान्यात आहे, आणि ते नाशिकच्या माणसाला लगेच कळेल. हे दोन प्रोसेसर वेगळ्या बागेतले नाहीत. सिलिकॉनच्या तबकडीवर एकाच आराखड्याच्या शेकडो चिप छापल्या जातात, मग प्रत्येक चिप तपासली जाते आणि प्रतवारी होते. जी कमी विजेत जास्त वेगाने चालते तिला वरचं नाव, जी थोडी मागे पडते तिला खालचं. एखाद्या चिपमधला कोर सदोष निघाला तर तो बंद करून ती आणखी खालच्या नावाने विकतात. एकाच वेलीवरचा घड एक्स्पोर्टच्या डब्यात गेला की भाव वेगळा आणि लोकल मार्केटला गेला की वेगळा, तसंच. खाणाऱ्याच्या जिभेला मात्र त्यात फारसा फरक कळत नाही.

पण म्हणून आय५ आणि आय७ नेहमी सारखेच असतात असं समजू नका. नावातला ५ किंवा ७ हा आकडाच मुळात फसवा आहे, त्याच्या मागचे आकडे आणि अक्षर जास्त बोलतात. जुनं उदाहरण घ्या. सातव्या पिढीतल्या आय७-७५००यूमध्ये फक्त २ कोर होते. २०१७मध्ये आठवी पिढी आली आणि तिच्यातल्या आय५-८२५०यूला ४ कोर मिळाले. म्हणजे नवा आय५ जुन्या आय७पेक्षा दुप्पट माणसं घेऊन बसला होता. आजही सेकंड हँड बाजारात 'आय७ आहे' एवढ्या एका शब्दावर जुने लॅपटॉप चढ्या भावाने खपतात. असा लॅपटॉप घेताना आधी पिढी विचारा.

शेवटचं अक्षरही तितकंच महत्त्वाचं. बाराव्या पिढीपुरतं सांगायचं तर यू म्हणजे १५ वॅटच्या घरातला, पी म्हणजे २८, एच म्हणजे ४५. आय५-१२४०पीमध्ये ताकदीचे ४ कोर आहेत, आय७-१२५५यूमध्ये २. इथे अक्षर बदललेला आय५ जड कामात त्या आय७च्या पुढे जाऊ शकतो. २०२३ संपता संपता इंटेलने नावातला 'आय' काढून टाकला आणि कोअर ५, कोअर ७, कोअर अल्ट्रा अशी नावं आणली. अक्षर बघायची सवय मात्र तेव्हापासूनही कामालाच येते.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर याहून सावध राहायला हवं. ७५२०यू आणि ७५३०यू ही दोन नावं कागदावर भावंडं वाटतात, दोन्ही रायझन ५. पण या मालिकेत तिसरा आकडा आतल्या आराखड्याचा असतो. २ म्हणजे २०१९ साली आलेला झेन-२, ३ म्हणजे २०२०चा झेन-३. पहिल्यात ४ कोर, दुसऱ्यात ६. शिवाय ७५२०यूला लागणारी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. एका आकड्याने एवढा फरक पडतो, आणि तो स्टिकरवर कुठेच दिसत नाही.

नुसत्या गिगाहर्ट्झवरही जाऊ नका. २००४ सालीच पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता. आजचा साधा लॅपटॉप त्याहून कमी ठोक्यांवर चालतानाही त्याच्या कितीतरी पट काम उरकतो, कारण प्रत्येक ठोक्याला जास्त काम होतं. तेव्हा वेगाची शर्यत अडली ती उष्णतेपाशी. ठोके वाढवायचे तर विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी वीज दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून शेवटचा ५-७ टक्के वेग काढायला प्रोसेसर बेसुमार वीज पितो आणि तापतो.

इथे जरा थांबायला हवं, कारण लॅपटॉपचं खरं दुखणं हेच आहे आणि दुकानात ते कोणी बोलत नाही. आपण पाहिलेले दोन्ही प्रोसेसर नावाला १५ वॅटचे असले तरी जोर लावताना ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतात. मात्र थोडाच वेळ, बहुतेक लॅपटॉपमध्ये अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यानंतर लॅपटॉप बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा लागू होते आणि वेग खाली येतो. ही मर्यादा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. त्यामुळे तोच आय७ एका चपट्या, एका पंख्याच्या लॅपटॉपमध्ये दमतो आणि जाडसर, दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये तासभर तग धरतो. आतलं तापमान १०० अंशांच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आणखी मागे सरतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दुपारी खोलीतली हवाच तापलेली असते. पंखा तीच हवा आत ओढतो. अशा वेळी दोन्ही प्रोसेसर उष्णतेच्या एकाच भिंतीला जाऊन टेकतात आणि ०.३ गिगाहर्ट्झचा फरक नाहीसा होतो. म्हणून मी म्हणतो, वरच्या प्रोसेसरला पैसे देण्याआधी लॅपटॉप उलटा करून बघा. हवा आत घ्यायला जाळ्या किती, पंखे किती. आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणार असाल तर कुठलाही प्रोसेसर घेऊन उपयोग नाही.

आता दुसरी बाजू: तुमचं काम. जीन आम्डाल या संगणक अभियंत्याने १९६७मध्ये एक साधा विचार मांडला होता. कामाचा जो भाग तुम्ही वेगवान कराल, तेवढ्याच भागातला वेळ वाचेल. उरलेला भाग तसाच राहील. समजा एखाद्या कामाला १० मिनिटं लागतात. त्यातली ४ मिनिटं प्रोसेसर राबतो, बाकीची ६ मिनिटं डिस्कवरून फाइल येण्यात, इंटरनेटवरून पान येण्यात आणि आपण वाचून बटण दाबण्यात जातात. प्रोसेसर २५ टक्के वेगवान घेतला तर ४ मिनिटांची ३ मिनिटं १२ सेकंद होतील. एकूण काम ९ मिनिटं १२ सेकंदांत होईल. वाचले ४८ सेकंद. द्वारका चौकात वाहतूक तुंबलेली असताना गाडीचा कमाल वेग १४० आहे की १८०, याने घरी पोचायच्या वेळेत काही फरक पडत नाही.

तेव्हा मूळ प्रश्न असा: तुम्ही वाट बघता ती कोणाची? हे अंदाजाने ठरवू नका, बघता येतं. सध्याच्या लॅपटॉपवर नेहमीचं काम सुरू करा आणि जिथे तो अडखळतो तिथे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे रकाने दिसतात. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि सीपीयू ३०-४०वर, तर टेबल लहान पडतंय, रॅम वाढवा. डिस्क १०० टक्के आणि बाकी सगळं शांत, तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. हार्डडिस्कला एक फाइल शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एसएसडी शंभराच्या आसपास फाइली शोधते. तिन्ही रकाने निवांत आणि तरी पान उघडत नाही, तर इंटरनेटकडे बघा.

सीपीयूचा रकाना वाचताना मात्र एक चूक हमखास होते. काही सॉफ्टवेअर एकाच कोरवर काम करतात, चित्र काढण्याची अनेक डिझाइन सॉफ्टवेअर त्यातलीच. १२ धाग्यांच्या प्रोसेसरवर एक धागा पूर्ण राबत असेल तर एकूण आकडा फक्त ८ टक्के दिसतो. आपल्याला वाटतं प्रोसेसर रिकामा आहे. प्रत्यक्षात एक बाई घामाघूम झालेली असते आणि बाकीच्या बसून असतात. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक धाग्याचा आलेख वेगळा बघा, मग खरं चित्र दिसतं. अशा कामाला जास्त कोर नकोत, एका कोरचा वेग हवा.

कॅनडा कॉर्नरला माझ्या एका मित्राचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. जुलै महिन्यात विवरणपत्रांची गर्दी असते, तेव्हा त्याचा आय५-८२५०यूचा लॅपटॉप पार गुडघे टेकायचा. तो ७० हजारांचा नवा आय७ घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, "एक दिवस थांब, आपण बघू." ब्राउझरमध्ये तीस टॅब, तीन मोठ्या एक्सेल शीट, हिशेबाचं सॉफ्टवेअर, वर व्हॉट्सअॅप. मेमरी ९४ टक्के, सीपीयू ३०च्या खाली. ८ जीबीच्या जागी १६ केली. तो लॅपटॉप त्याने पुढचे दोन सीझन वापरला.

याच्या अगदी उलट अनुभव अंबडचा. ओळखीचे एक काका तिथे डाय-मोल्डचं छोटं वर्कशॉप चालवतात. संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर हत्यार कुठून कसं फिरेल याचा मार्ग सॉफ्टवेअर आधी मोजून काढतं, मग मशीन चालतं. त्यांच्या यू अक्षरवाल्या लॅपटॉपवर एका जॉबला १५ मिनिटं लागायची, सगळ्या धाग्यांचे आलेख छताला टेकलेले. दिवसात आठ-दहा वेळा. तेवढा वेळ ऑपरेटर आणि मशीन दोन्ही उभे. त्यांना मी न कचरता एच मालिकेतला, दोन पंख्यांचा लॅपटॉप घ्यायला सांगितलं. तेच काम ६-७ मिनिटांवर आलं. तिथे जास्तीचे ३० हजार काही महिन्यांत वसूल झाले, कारण मशीनचा तास फार महाग असतो.

हिशेब कसा मांडायचा तेही सांगतो. जादा रक्कम १५ हजार, लॅपटॉप ४ वर्षं, वर्षाला ३०० दिवस वापर, म्हणजे १२०० दिवस. दिवसाला २ मिनिटं वाचत असतील तर एकूण ४० तास, एका तासाला ३७५ रुपये पडले. दिवसाला २० मिनिटं वाचत असतील तर ४०० तास, तासाला ३७ रुपये ५० पैसे. तुमच्या तासाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्याशी ताडून बघा. फक्त वाचलेलं प्रत्येक मिनिट सारखं मोजू नका. रात्री लावून झोपायचं काम तीन तासांऐवजी दोन तासांत झालं तर हाती काही लागत नाही. पण दिवसातून पन्नास वेळा जे ८ सेकंद अडवतं ते ३ सेकंदांवर आलं तर कामाची लय टिकते, त्याला मी मिनिटांपेक्षा जास्त किंमत देईन. व्हिडिओ एडिटिंग, मोठे प्रोग्रॅम वारंवार कंपाइल करणं, अभियांत्रिकी विश्लेषण, ही कामं रोजची असतील तर चांगल्या प्रोसेसरचे पैसे निघतात. गेमसाठी आधी ग्राफिक्स कार्ड बघावं. लेखन, ऑफिसचं काम, ऑनलाइन वर्ग, बँकिंग यांना आजचा साधा प्रोसेसरही पुरून उरतो.

विंडोज ११चा मुद्दा वेगळा आहे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरना ते अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तिथे लॅपटॉप बदलण्याचं कारण वेग नसून सुरक्षितता आहे.

त्या दुकानदाराच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, ती मान्य करायला हवी. लॅपटॉपचा प्रोसेसर नंतर बदलता येत नाही. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपमध्ये तो खोबणीतून काढता यायचा. पाचव्या पिढीपासून तो बोर्डावर डाग देऊनच येतो. म्हणजे निर्णय एकदाच घ्यायचा असतो, आणि "आत्ताच वरचा घ्या" यामागे तर्क आहे. पण तो लागू पडतो ४ कोर की ८, यू की एच असा ठळक फरक समोर असेल तेव्हा. ७ टक्क्यांच्या फरकाने चार वर्षांनंतरचं म्हातारपण पुढे ढकललं जात नाही. दोन्ही लॅपटॉप एकाच वर्षी जुने होतात. उलट काही चपट्या लॅपटॉपमध्ये रॅमही डकवलेली असते. तिथे ८ की १६ जीबी हाही निर्णय एकदाच होतो, आणि माझ्या मते पैसे आधी तिथे जावेत.

आम्ही आय५ घेतला. त्यात रॅमची एक खोबण रिकामी होती, दुकानदाराकडूनच खात्री करून घेतली. आणखी ८ जीबीची पट्टी तिथेच बसवली, तेव्हा ती दोन-अडीच हजारांत मिळाली. दोन पट्ट्या झाल्यामुळे रॅमची ये-जा दोन वाटांनी होऊ लागली, त्याचा फायदा ग्राफिक्सलाही झाला, म्हणजे आय७मध्ये जे थोडं जास्त मिळणार होतं त्याची बरीचशी भरपाई झाली. उरलेले पैसे ताईने भाचीच्या नावावर ठेवले.

यंदा भाचीने प्रोजेक्टसाठी द्राक्षाच्या पानांचे फोटो बघून भुरी की डाऊनी, म्हणजे दोन बुरशीजन्य रोगांपैकी कुठला, हे ओळखणारं मॉडेल (फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम) तयार करायला घेतलं. पहिल्यांदाच तिचा लॅपटॉप कमी पडला. रात्रभर चालवूनही निम्मं शिक्षण होत नव्हतं. तिने फोन केला, "मामा, तेव्हा आय७ घेतला असता तर झालं असतं का रे?" मी तिला टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं. सगळे धागे पूर्ण राबत होते, पण हे काम मुळात ग्राफिक्स कार्डचं, जिथे हजारो लहान गणितं एकाच वेळी सुटतात. आय७ असता तर रात्रभरातली काही मिनिटं वाचली असती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्राफिक्स कार्डचा एक डेस्कटॉप आहे. तिने सरांची परवानगी काढली, फोटो पेन ड्राइव्हवर नेले आणि दुपारच्या सुट्टीत लावलेलं मॉडेल पाऊण तासात शिकून झालं. आता ते फोटो ओळखायला तिच्या त्याच आय५वर चालतं, एका पानाला सेकंदही लागत नाही, आणि ती लॅपटॉप घेऊन दर रविवारी मोहाडीला काकांच्या बागेत जाते.